पहिली चिमूट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घाटंजीत बाजाराच्या रस्त्यावर एक पानठेला आहे. त्याच्या खर्ऱ्यासाठी लोक आर्णीहून, पांढरकवड्याहून वाट वाकडी करून यायचे. तो खर्रा मी बसवून दिला होता. मी, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारा, एक्कावन्न वर्षांचा, निर्व्यसनी म्हणून गावाला माहीत असलेला माणूस. खर्ऱ्याचा एक दाणाही मी आयुष्यात जिभेवर ठेवलेला नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. आज मला सगळ्यांत जास्त शिसारी येते ती त्याच अभिमानाची.

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला खर्रा समजावून सांगावा लागतो. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि ओला चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर घोटतात. घोटून घोटून सगळं एकजीव झालं की पन्नीला गाठ मारून गिऱ्हाइकाच्या हातात देतात. मग ती पन्नी दिवसभर खिशात, आणि चिमूट दिवसभर गालात. मयतीत खर्रा, सोयरीक जुळवताना खर्रा, तहसीलच्या ओसरीवर खर्रा. पाहुण्याला चहा विचारायचा राहिला तर तो समजून घेतो. पन्नी पुढे केली नाही तर मनात धरतो. यावर बंदी आहे म्हणतात. असेल. बंदीची बातमी छापलेला पेपर ठेलेवाला चुन्याची बोटं पुसायला वापरतो.

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकावर ‘तंबाखूमुक्त परिसर’ अशी पाटी आहे. तिच्या खालच्या कोपऱ्यावर लाल पिचकारी इतकी जुनी आहे की ती पाटीसोबतच रंगवून आणली असावी असं वाटतं. वर्षातून एकदा आम्ही सगळे रांगेत उभे राहून व्यसनमुक्तीची शपथ घेतो. एका वर्षी शपथ द्यायला बोलावलेले पाहुणे डाव्या गालात चिमूट धरूनच माईकपुढे आले. ‘मी आजन्म’ एवढं म्हणून त्यांनी मान वर केली, कारण मान खाली केली असती तर ओघळ आला असता. पुढची शपथ त्यांनी आभाळाकडे पाहत दिली. मुलांना वाटलं, देवाला साक्षी ठेवतात. शिक्षकखोलीच्या खिडकीखालचं जास्वंद मी तिथं लागल्यापासून एकदाही फुललेलं नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे, आणि खिडकीतून मान बाहेर काढणाऱ्यांना तर सगळ्यांत जास्त.

मी या सगळ्यांच्या वर होतो. असं मला वाटायचं. दुपारी कॉलेज सुटलं की मी त्या ठेल्याशेजारी चहा घेत उभा राहायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे तांबडे दात, फुगलेले गाल, अर्धवट शब्द मनातल्या मनात मोजून काढायचो. दुसऱ्याला हलकं समजायलाही एक जागा लागते. माझी जागा तो ठेला होता.

ठेलेवाला माझ्याच वयाचा. जिभेचा तिखट. तो स्वतः खर्रा खात नव्हता. विचारलं तर म्हणायचा, “दुकानदारानं माल खाल्ला का दुकान त्याले खाते, सर.” त्यामुळं मी त्याला आपल्यातला समजत होतो. दोन शहाणे, मधे सगळा मूर्खांचा बाजार, असा तो हिशेब.

एका बाजाराच्या दिवशी एक गिऱ्हाईक परत आलं, ठेल्यासमोर थुंकलं आणि ओरडलं, “काय बे, खर्रा देल्ला का भिंत सारवाले चुना देल्ला? तोंड सोललं ना राजा!”

ठेलेवाल्यानं त्याला दुसरी पन्नी देऊन वाटेला लावलं आणि माझ्याकडे वळला. “सर, तुमी शिकेल मानूस. एक सांगा बरं. चुना तोच, डबा तोच, बोट बी माहंच. एक दिवस खर्रा असा मस्त लागते का मानूस तिथंच बसते. दुसऱ्या दिवशी लोकायचं तोंड पोळते. अन् तिसऱ्या दिवशी काहीच लागत नाई. काहून?”

मी काय सांगायला हवं होतं, ते आता सांगण्यात अर्थ नाही. मला उत्तर येत होतं, आणि उत्तर येणारा माणूस आमच्या धंद्यात गप्प बसत नाही.

सुपारी आणि तंबाखू दोन्हींत थोडं आम्ल असतं. चुना अल्कली. पहिला चुना पडला की ते आम्ल त्याला खाऊन टाकतं. सामू, म्हणजे आम्ही वर्गात ज्याला पीएच म्हणतो तो, जागचा फारसा हलत नाही. आणखी थोडा चुना टाकला, तरी थोडासाच हलतो. मग एक चिमूट अशी येते की खायला आम्ल उरलेलंच नसतं आणि सामू उडी मारतो. त्या उडीच्या अलीकडे खर्रा मिळमिळीत, फार पलीकडे तोंड भाजणारा, आणि बरोबर वरच्या काठावर लोकांना जे हवं ते. तंबाखूतली नशा अल्कलीत मोकळी होते आणि गालाच्या आतल्या कातडीतून सरळ रक्तात उतरते. बोटानं ती जागा सापडणं कठीण. माझ्याकडे ती जागा शोधायचा कागद होता.

प्रयोगशाळेतून पीएच कागदाचं एक पुस्तक मी शर्टाच्या खिशात घालून नेलं. बोटाएवढ्या पिवळ्या पट्ट्या, वर रंगांचा तक्ता. ठेल्यावर नाही नेलं. शिक्षक माणूस, कुणी पाहिलं तर. त्याच्या घरी, मागच्या अंगणात नेलं. खरं काम तिथंच व्हायचं. त्याची बायको रोज सकाळी मोठ्या परातीत दिवसभराचा माल कालवून द्यायची, चुना त्याच्या बोटानं पडायचा. ठेल्यावर तो फक्त घोटायचा.

ती उमरखेडकडची. तिच्या माहेरी सुपारीचं खांडसुद्धा नव्हतं. मला ती भाऊजी म्हणायची, मी वहिनी. कोपरापर्यंत हात परातीत घालून ती बसलेली असायची आणि नाक पदरात खुपसलेलं, कारण त्या वासानं तिला शिंका यायच्या.

चार सकाळी आम्ही त्या अंगणाची प्रयोगशाळा केली. मालातली चिमूट वाटीत पाण्यात कालवायची, पट्टी बुडवायची, रंग पाहायचा, आणि त्या रंगाचा खर्रा दुपारी लोकांना कसा लागला ते त्यानं येऊन सांगायचं. हिरवा आला, लोक म्हणाले बरा. गडद हिरवा, लोक म्हणाले वा. चौथ्या दिवशी पट्टी मोरपंखी झाली, आणि संध्याकाळच्या आत परात रिकामी झाली. “सर,” तो म्हणाला, “आज एक मानूस बसस्टँडवरून वापस आला, बस सोडून.” मी तक्त्यावरच्या त्या रंगाखाली नखानं रेघ मारली. वर्गात मी वीस वर्षं जे शिकवलं त्याचं चीज त्या अंगणात झालं असं मला वाटलं, हे लिहायला नको वाटतं. पण वाटलं होतं. शपथेवर सांगतो, त्या शपथेवर नाही.

त्या महिन्यापासून ठेल्यापुढे रांग लागू लागली. लोक त्याच्या हाताला गुण आहे म्हणायचे, तोही “गुन बापाचा हाये” म्हणून सांगायचा, आणि मी चहाचा कप घेऊन बाजूला उभा राहून ज्यांना तुच्छ मानायचो त्यांच्या गालातली माझी अक्कल पाहायचो.

कागद संपला. महिनाभरात पुस्तक रिकामं. तो म्हणाला, “सर, अजून एक आना ना.” आता प्रयोगशाळेतल्या सामानाची तपासणी जवळ आली होती. एक पुस्तक कमी असणं खपलं असतं, दोन नाही. मी घाबरलो. पण घाबरलो म्हणून सांगण्यापेक्षा मला ज्ञान सांगणं सोपं गेलं.

मी वहिनीला म्हणालो, “कागद कशाला हवा? जीभ आहे ना.” मी तिला शिकवलं. माल कालवून झाला की पहिली चिमूट खालच्या ओठाच्या आत धरायची. मनात आकडे म्हणायचे. दहाच्या आत जळजळ झाली तर चुना जास्त. वीसपर्यंत काही नाही तर कमी. पंधराच्या आसपास मुंग्या आल्या तर बरोबर. मग थुंकून टाकायचं. दोनदा, फार तर तीनदा. मोरपंखी रंग तिनं पाहिलेला होता; आता तो तिला ओठात ओळखायचा होता.

नवऱ्यानं का नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही. दुकानदारानं माल खायचा नसतो.

तिनं मात्र एक प्रश्न विचारला. “माह्या तोंडाले काही होईन का, भाऊजी?”

मी वर्गात उभा असल्यासारखा उभा राहिलो. “वहिनी, शरीरात बफर असतो,” मी म्हणालो. “तोंडात लाळ आहे ना, तिच्यात तो असतो. लिंबू खाल्लं तर लाळ आंबटपणा मारून टाकते. चुना आला तर चुन्यालाही सांभाळते. रक्तात तर त्याहून पक्का. आम्ल वाढलं की फुप्फुसं जोरात श्वास टाकून बाहेर काढतात, उरलेलं मूत्रपिंडं लघवीवाटे काढतात. सामूचा काटा इकडचा तिकडे होऊ देत नाही शरीर. देवानं रचनाच तशी केली आहे.”

“बफर,” ती म्हणाली. शब्द तिला आवडला. “मंग भेव नाई.” आणि हसून चिमूट माझ्यापुढे धरली. “तुमीच पाहा ना एकडाव. तुमी तं माप करनारे.”

“मला नको,” मी म्हणालो. “माझ्या तोंडाला सवय नाही.”

तिच्या तोंडाला कुठं होती?

मी सांगितलं त्यात खोटा असा एक शब्द नव्हता. म्हणूनच ते इतकं नीच होतं. लाळेचा बफर लिंबासाठी आहे, चिंचेच्या सारासाठी आहे, जेवणानंतर दातांवर साठणाऱ्या आम्लासाठी आहे. रोज सकाळी ओठाच्या त्याच बोटभर जागेत धरलेल्या चुन्यासाठी नाही. बफरला मर्यादा असते, ती ओलांडली की तो असून नसल्यासारखा, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि त्याच्याखाली दोन रेघा मारतो, कारण परीक्षेत येतं. त्या सकाळी मला ते आठवत होतं. आठवत होतं म्हणून मी चिमूट घेतली नाही.

आणि रक्ताचं म्हणाल तर रक्ताला काही झालं नाही. रक्ताला कधीच काही होऊ देत नाहीत. शरीर हे अगदी आपल्या कचेऱ्यांसारखं चालतं. वर एक साहेब बसलेला, त्याच्या टेबलावरचा आकडा हलता कामा नये. खाली फुप्फुसं धापा टाकतात, मूत्रपिंडं दिवसरात्र गाळत बसतात, आम्ल फारच साठत गेलं तर हाडं स्वतःतला चुना काढून देतात, झिजतात. साहेबाचा आकडा जागच्या जागी. तिच्याही रक्ताचा आकडा आज तपासला तर पुस्तकातल्याएवढाच निघेल. तोंड गेलं.

किती वर्षं ती पहिली चिमूट धरत होती? मी आठवायला गेलो की सहा येतात, कधी सात. एकही दिवस खाडा नाही, ठेला बंद असेल तेवढाच. तिला कधी तलफ आली नाही. दुपारी, संध्याकाळी, बाहेरगावी गेली असता तिनं खर्ऱ्याकडे पाहिलंही नाही. तिच्यासाठी ते दळण-कांडणासारखं सकाळचं काम होतं. धंदा वाढला, घोटायला मशीन आली, घरावर स्लॅब पडला. चुना पारखायला मात्र मशीन आली नाही. ती होती ना.

मग एका दुपारी त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. पिठलं, भाकर, ठेचा. ही बाई ठेचा असा खायची की पाहणाऱ्याच्या कानातून धूर निघावा. त्या दिवशी तिच्या ताटात ठेचा नव्हता. पिठल्यालाही तिनं स्वतःपुरतं दही घातलं होतं. मी पाहिलं, तिनं मी पाहतोय हे पाहिलं.

“तोंड आगीसारखं जळते, भाऊजी. मीठ बी लागते.”

मी भाकरीचा पुढचा घास मोडला. आणि मी म्हणालो, “पित्त असेल. पोटातलं आम्ल वर येत असेल. अर्धा चमचा सोडा पाण्यात घेत जा.”

पुन्हा रसायनशास्त्र. पुन्हा बरोबर. ज्याला पित्त आहे त्याला बरोबर. तिनं चार-पाच महिने सोडा घेतला. सकाळची चिमूटही घेतली, कारण मी ती बंद कर म्हणालो नव्हतो. बंद कर म्हणायचं, तर का ते सांगावं लागलं असतं.

पुढे भाकरीचा तुकडा तोंडात जाईना. ती तो वरणात कुस्करून घ्यायला लागली, मग भात, मग पातळ. बोलताना ओठ कमी हलायला लागले. शिट्टी वाजवायला गेली तर जमेना म्हणाली; मी तर तिला कधी शिट्टी वाजवताना पाहिलं नव्हतं, पण ती एकटी असताना वाजवत असावी.

नवऱ्यानं मला बोलावलं. “सर, यवतमाळले दाखवाले न्यायचं हाये. तुमी संग चाला. डाक्टर विंग्रजी बोलते, मले काय समजन?” त्याला सगळं समजत होतं. त्यालाही कुणीतरी शेजारी उभं राहणारं हवं होतं, ज्याचं तोंडही तेवढंच बंद असेल.

एका खासगी दवाखान्यातला डॉक्टर. तरुण, हातमोजे, कपाळावर आठी. तिला म्हणाला, “तीन बोटं उभी करून तोंडात घाला.” ती घालायला गेली. एक गेलं. दुसरं दातांपाशी अडलं. तिनं जोर केला, डोळ्यांत पाणी आलं, तरी नाही. डॉक्टरनं गालाच्या आत आरसा घालून पाहिलं आणि म्हणाला, “पांढरं पडलंय सगळं. दोऱ्या झाल्यात आत. किती वर्षांपासून खाता?”

“लय वर्सं झाले.”

“दिवसाला किती?”

“सकाळी. चिमूटभर.”

तो हसला. “सगळे चिमूटभरच सांगतात, बाई. पुरुष लपवतात ते लपवतात, तुम्ही बायकाही लपवायला लागल्या. खरं सांगा. व्यसन लपवून बरं होत नाही.”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. नवरा पंख्याकडे बघत होता. मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होतो, अक्कलदाढ, सुळे, पटाशीचे, जणू उद्या परीक्षा आहे.

“हौसेनं खाल्ला, डाक्टरसाहेब,” ती म्हणाली. “लपवाचं काय त्यात?”

माझं नाव न घेता तिनं मला सोडवलं. मास्तर माणूस, त्याचं नाव कायले मधात, असा तिचा विचार असणार. आणि मी सुटलो. सुटण्याचं समाधान मला त्या खोलीत, त्या खुर्चीवर, तिच्या ओल्या डोळ्यांसमोर झालं, हे मी इथं लिहून ठेवतो.

वर आणखी शहाणपण सुचलं. मी विचारलं, “डॉक्टर, यात चुन्याचा वाटा किती?”

“मुख्य सुपारी,” तो म्हणाला. “चुना कातडी सोलून दार उघडतो, सुपारी आत घुसते. तुम्ही कोण यांचे?”

“शेजारी,” मी म्हणालो. माझं घर तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे.

‘मुख्य सुपारी’ या दोन शब्दांवर मी कित्येक महिने काढले. आंघोळ करताना, वर्गात हजेरी घेताना, मुख्य सुपारी, मुख्य सुपारी. सुपारी मी शोधली नाही, ती तर लोक खातातच, मी फक्त चुन्याचं माप दिलं. दार उघडणारा चोर नसतो, चोर आत शिरणारा. असली अक्कल माझ्या विद्यार्थ्यानं उत्तरपत्रिकेत लिहिली असती तर मी शून्य दिलं असतं. ती सुपारी तिच्या तोंडात कुणाच्या सांगण्यावरून गेली, हा प्रश्न मात्र मी स्वतःला घालत नव्हतो.

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती, मी मागच्या बाकावर. घाट उतरल्यावर तिनं मान वळवली आणि अर्ध्या ओठानं म्हणाली, “भाऊजी, बफर सरला वाटते.”

तिला हसायचं होतं. तोंड तेवढं उघडलं नाही.

त्या दिवसापासून तिनं चिमूट बंद केली. ठेला चालूच आहे. चुना आता पुन्हा बोटानं पडतो, लोक कधी वा म्हणतात, कधी शिव्या देतात. तिला इंजेक्शनं झाली, गालात. तोंडात लाकडी काड्यांचा जुडगा धरून रोज एकेक काडी वाढवायचा व्यायाम आहे, तो ती करते. दीड बोट जातं आता. आणखी नाही उघडलं तर शस्त्रक्रिया म्हणतात.

गावाची तऱ्हा बघा. ज्या गावात दर दुसऱ्या गालात खर्रा आहे, त्या गावानं तिला नाव ठेवलं खर्रेवाली. गाल फुगवून, थुंकी सांभाळत लोक सांगतात, “बाईमानसानं एवढा खावा का?” नवरा ऐकतो आणि पन्नी घोटतो. एकदा मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, “निदान तू तरी सांग, तिला सवय नव्हती म्हणून.” तो माझ्याकडे बघून बारीक हसला. “सांगतो ना. मंग लोक इचारतीन, माल तपासाचं कोनं शिकवलं? तुमी सांगसान का?” मी चहाचे पैसे ठेवले आणि निघालो. या माणसाला मी नीच म्हणणार होतो. म्हणायला मला जागा कुठं उरली होती?

गावाचं तिनं मनावर घेतलं नाही. माहेरचं घेतलं. उमरखेडला तिचा मोठा भाऊ आहे. थोडी शेती, फवारणी पंपांचं दुकान, माळकरी घर. त्यानं दिवाळीला न्यायला यायचं सोडलं. आता त्याच्या मुलीचं लग्न या वैशाखात आहे. जिला वहिनीनं दोन वर्षांची असताना सहा महिने सांभाळलं, ती मुलगी. पत्रिका आली. निमंत्रण फक्त ठेलेवाल्याच्या नावानं, वहिनीचं नाव नाही. आमच्याकडे असं होत नाही, चुकूनसुद्धा. तिनं ती पत्रिका देवाजवळ ठेवली आणि मला म्हणाली, “लिवणाराची चूक झाली असन.”

त्यानंतरच्या रविवारी मी उमरखेडला गेलो. सांगायचं ठरवून गेलो. एसटीत वाक्यं पाठ केली, जशी पहिल्या तासाची करायचो. भाऊ दुकानात होता. मला ओळखत होता, बहिणीला दिवाळीला न्यायला यायचा तेव्हा भेटलेलो. “या सर, बसा,” म्हणून त्यानं खुर्ची पुसून दिली. मी पहिलं वाक्य काढणार, तेवढ्यात तोच बोलायला लागला.

“तुम्ही दवाखान्यात संगं गेल्ते म्हणं. लई उपकार झाले. पण सर, आमच्या बाईनं नाव घालवलं हो. आमच्या सात पिढ्यांत कुणी सुपारीचं खांड तोंडात धरलं नाही. आता लग्नात सोयरे इचारतील, आत्याचं तोंड असं काऊन? काय सांगू मी? खर्रा खाती म्हणून सांगू? तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेले.”

त्यानं मला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. एवढं मोकळं दार मला आयुष्यात परत मिळणार नाही.

“बरोबर आहे तुमचं,” मी म्हणालो.

मग त्यानं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा. मी जेवलो. पोटभर जेवलो. माझं तोंड चांगलं उघडतं. तीन बोटं उभी सहज जातात, मी घरी आरशासमोर घालून पाहिलेली आहेत.

परत आल्यावर वहिनीनं विचारलं, “गेलते का उमरखेडले? कायले गेलते?”

“कॉलेजच्या कामानं.”

“भाऊ भेटला का?”

“भेटला. बरा आहे.”

“माहं इचारलं का त्यानं?”

“विचारलं,” मी म्हणालो. ती काड्यांचा जुडगा धुवायला आत गेली.

हे लिहिणंसुद्धा एक पळवाट आहे, मला कळतं. कागदावर कबुली देणं म्हणजे पन्नीला बाहेरून गाठ मारणं. तिचा भाऊ दुकानातल्या पावत्यांपलीकडे काही वाचत नाही, ती हरिपाठापलीकडे वाचत नाही, आणि मी नावं घातलेली नाहीत, माझंही नाही. तेव्हा हे वाचून कुणी मला मोठ्या मनाचा म्हणणार असेल, तर त्यानं आधी गालात चिमूट धरून शपथ देणाऱ्या त्या पाहुण्यांकडून शपथ घेऊन यावी.

लग्नाला अजून दिवस आहेत. तिच्या भावाला मला त्याच्या दुकानात उभं राहून सांगायचं आहे, की तुझ्या बहिणीला व्यसन कधीच नव्हतं, तिचं तोंड मी कागद म्हणून वापरलं. आणि तिला सांगायचं आहे, की त्या सकाळी मी चिमूट घेतली नाही ती सवय नव्हती म्हणून नाही, काय होईल ते मला ठाऊक होतं म्हणून. एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.